पहाटे रेल्वेचा हॉर्न पाच किलोमीटरवर ऐकू येतो, मग भर दुपारी का नाही?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. आमचं घर जुळे सोलापुरात. स्टेशन सरळ रेषेत धरलं तरी चार-पाच किलोमीटर असेल. थंडीत पहाटे गच्चीवर चकरा मारायला गेलो की गाड्यांचे हॉर्न इतके स्वच्छ येतात की वाटतं गाडी मागच्या गल्लीतून चाललीय. दुपारी त्याच गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेलं तर काही म्हणजे काही नाही. बायकोचं म्हणणं, पहाटे सगळं शांत असतं म्हणून येतो, यात विचारायचं काय. पटलंही असतं, पण मागच्या उन्हाळ्यात एकदा बंद होता, भर दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं, गाड्या मात्र चालू होत्या (मोबाइलवर बघितलं), तरी हॉर्न नाहीच आला. म्हणजे नुसत्या शांततेवर भागत नाही. ज्यांना फिजिक्स येतं त्यांनी दहावीच्या पोराला कळेल असं सांगा, कारण ते पोरगंच विचारतंय आणि मी आपलं "आधी अभ्यास कर" म्हणून वेळ मारून नेतोय.

शेंगाचटणी
दुपारी सोलापुरात आवाज पण सावलीला जाऊन झोपतो बे. ४४ डिग्रीत कोण बाहेर पडालंय.

अनुराधा_सातरस्ता
वहिनींना +१. दिवसभर रिक्षा, मिक्सर, टीव्ही, शेजारच्यांचं भांडण. त्यात हॉर्न बुडून जातो. रात्री आमच्या घड्याळाची टिकटिक पण ऐकू येते, म्हणून काय घड्याळ रात्री जोरात चालतं का?

रानवारा
वारं बघा वारं. थंडीत वारं ज्या बाजूनं असतं तिकडून आवाज वाहून येतो. आमच्या शेतात मोहोळच्या बाजूचं वारं असलं की तिकडच्या लग्नाची बँड ऐकू येते, वारं फिरलं की बंद.

निवृत्त_मास्तर
वा, चांगला विषय. पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गात हा प्रश्न आला असता तर तास सार्थकी लागला असता. अनुराधाताई आणि रानवारा, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण गंमत म्हणजे सगळ्यात जवळ शेंगाचटणी गेलेत. आवाज सावलीला जात नाही, दुपारी तुमची गच्चीच आवाजाच्या सावलीत असते.

सांगतो. हवेत ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरनं वाढतो. म्हणजे १२ अंशांच्या पहाटे ३३८, ४० अंशांच्या दुपारी ३५५ च्या घरात. पण नुसता वेग कमीजास्त असल्यानं आवाज लांब जात नाही. खालच्या आणि वरच्या हवेत फरक किती, त्यावर सगळं आहे. दुपारी फरशी, डांबर, काळी जमीन भाजून निघते, तिला चिकटलेली हवा सगळ्यात गरम, वर जाल तशी थंड. म्हणजे ध्वनिलहरीचा खालचा भाग पळतो आणि वरचा मागे रेंगाळतो. लेझीमवाल्यांची आडवी रांग वळताना बघितली असेल, एका टोकाची पोरं लांब ढांगा टाकतात, दुसऱ्या टोकाची जागच्या जागी नाचतात, रांग हळू पोरांच्या बाजूला वळते. लहर तशीच थंड, हळू थराकडे वळते. दुपारी थंड थर वर, म्हणून हॉर्नचा आवाज वर उचलला जातो आणि काही अंतरानंतर जमिनीवर जवळजवळ पोचतच नाही. ती सावली.

पहाटे उलटं. रात्रभर आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन उष्णता सोडून गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची तुलनेनं उबदार. याला इन्व्हर्शन म्हणतात. आता लहर खाली वळते. जो आवाज एरवी आकाशात निघून गेला असता तो घरं-झाडं ओलांडून पुन्हा खाली येतो, थेट तुमच्या गच्चीवर.

शांतता असते म्हणून तो जाणवतो हे खरं, पण आधी तो पोचायला तर पाहिजे.

जुळेसोलापूरकर
मास्तर, साष्टांग. पोराला लेझीमचं लगेच कळलं, शाळेच्या लेझीम पथकात आहे.

रानवारा
मग वाऱ्याचं काय? ते थोडं बरोबर म्हणजे किती बरोबर?

निवृत्त_मास्तर
वारा आवाजाला पाठीवर घेऊन येत नाही. ताशी १० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला तीन मीटरसुद्धा नाही, ३४० मध्ये तीननं काय होतंय. पण वारा जमिनीलगत झाडाझुडपांत, घरांत अडून मंद असतो आणि वर जोरात. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेनं जाणारा आवाज खाली वळतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा वर. तुमचा मोहोळचा बँड असा येतो. कारण तेच, फक्त तापमानाच्या जागी वारा.

बारावी_पास
एक शंका. थंड हवा घन असते म्हणून आवाज चांगला जात असेल ना? लोखंडात म्हणूनच जास्त वेगानं जातो, घन पदार्थ आहे. रुळाला कान लावला की गाडी आधी कळते.

होटगी_लाइन
रुळाला कान लावायचे सल्ले इथं देऊ नका कृपया. रेल्वेत नोकरीला आहे, हात जोडून सांगतो.

निवृत्त_मास्तर
होटगी_लाइन यांचं आधी ऐका.
बारावी_पास, ही समजूत फार लोकांची असते. घनतेनं वेग उलट कमी होतो. लोखंडात वेग जास्त तो त्याच्या ताठरपणामुळे, एक कण दुसऱ्याला ढकलला की तो लगेच ढकलला जातो. पोलादात सेकंदाला पाच हजार मीटरच्या वर, पाण्यात साधारण १४८०. हेलियम हवेपेक्षा कितीतरी हलका, त्यात आवाज हवेच्या जवळपास तिप्पट वेगानं जातो. हवेच्या बाबतीत तर न्यूटनसुद्धा घसरला होता. त्यानं हिशोब केला तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आला. लहर जाताना हवा दबते तेव्हा क्षणभर तापते, ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, हे त्याच्या हिशोबात नव्हतं. ते लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं १८१६ मध्ये दुरुस्त केलं.

शेंगाचटणी
न्यूटन घसरला म्हणल्यावर मला नववीच्या मार्कांचं वाईट वाटायचं बंद झालं.

मिल_कॉलनी
धागा वाचून भोंगे आठवले. आमच्या लहानपणी मिलच्या भोंग्यावर अख्खं सोलापूर चालायचं. पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला वडील सायकल काढायचे, आणि आम्हाला शाळेला उशीर झाला का ते पण भोंग्यावरच. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, प्रत्येकीचा आवाज वेगळा, आजोबा घरात बसून सांगायचे कुठला वाजला. थंडीत तर बाहेरगावच्या वस्तीवरचे लोक म्हणायचे आम्हाला पण येतो. आज मास्तरांमुळे कारण कळलं.

आवाज उशिरा पोचतो ते मात्र डोळ्यांनी बघितलंय. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा आम्ही लांबून एका गच्चीवरून बघत होतो. (पाडायला हवी होती की नको तो वाद इथं नको!) चिमणी आडवी झाली, धूळ उठली, सगळे "गेली गेली" ओरडले आणि मग धडाम. नातू म्हणाला आजी, व्हिडिओचा आवाज मागं पडलाय.

निवृत्त_मास्तर
नातू हुशार आहे. एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद. वळवाच्या पावसात वीज दिसली की मोजायला लावा, गडगडाटापर्यंतचे सेकंद भागिले तीन, तेवढे किलोमीटर. आणि आकडा लहान यायला लागला की मोजणी सोडून घरात.

पूर्वभागवाला
भोंग्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचतो. आमचा टॉवेलचा कारखाना, साध्या धोट्याचे माग. वडील चौदाव्या वर्षापासून मागावर. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांना सांगतो, धोटा मिनिटाला शंभरच्या वर वेळा या पेटीतून त्या पेटीत जाऊन आदळतो, असे एका पत्र्याच्या शेडमध्ये डझनभर माग, वर जेकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) असेल तर त्याचा खडखडाट वेगळा. आत बोलणं नाहीच. हातवारे आणि ओठ बघून चालतं सगळं, तेलुगू असो का मराठी.

वडिलांना आता नीट ऐकू येत नाही. पण विचित्र आहे. ते म्हणतात "आवाज येतंय रे, काय बोललास ते कळालं नाही." आई भांडते की यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं. फोनवर तर अजिबात नाही. बायको जोरात बोलते तर म्हणतात ओरडू नको, बहिरा नाही मी. आणि हेच वडील शेडमध्ये गेले की मागाच्या चौकटीवर नुसता तळहात ठेवून सांगतात, याची पेटी सैल झालीय. बरोबर निघतं प्रत्येक वेळी. मग ऐकू येतंय का नाही?

कर्णिका
पूर्वभागवाला दादा, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी, रोज हेच काम. वडील सोंग करत नाहीत, आईंना सांगा. अगदी ठरलेलं चित्र आहे हे.

थोडं लांबण लावते. आवाजानं कानाचा पडदा हलतो, त्यामागं तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर. ही हाडं हवीतच कशाला? कारण खरं ऐकणं आतल्या शंखात होतं आणि तिथं द्रव भरलेला आहे. हवेतला आवाज थेट द्रवावर आपटला तर जवळपास सगळाच परत फिरतो. मोठ्या पडद्यावरचा जोर हाडांमार्फत एका छोट्या खिडकीवर येतो, तिथं दाब वीसेक पट होतो, तेव्हा कुठं द्रव हलतो.

शंखाच्या आत एक लांब पट्टी आणि तिच्यावर केसपेशी, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. बारीक, उंच आवाज शंखाच्या दाराशीच पकडले जातात, खर्जातले पार आत टोकाशी. ही लहर पट्टीवरून कशी सरकते ते बेकेशी नावाच्या माणसानं दाखवलं, मूळचा टेलिफोनच्या कामातला माणूस, त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. आता मागाचा खडखडाट वर्षानुवर्षं बसला की सगळ्यात आधी ४००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासच्या केसपेशी मरतात. ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) तिथं खड्डा दिसतो, नुसता कागद बघून आम्ही विचारतो, "मागावर होता का?"

बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर जाड असतात, ते खालच्या पट्टीत. स, श, च, ट, क, फ या व्यंजनांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत. म्हणून वडिलांना आवाज येतो पण "चार" का "सार" का "हार" ते कळत नाही. जोरात बोललं की स्वर अजून मोठे होतात, व्यंजन तिथंच राहतं, म्हणून त्यांना ते ओरडणं वाटतं. वहिनींना सांगा समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं, थोडं सावकाश बोला. ओठ वाचायची सवय त्यांना आहेच.

तळहाताचं पण खरं आहे. कातडीला २००-३०० हर्ट्झच्या आसपासची कंपनं फार छान कळतात. मागाची बरीच बिघाडाची थरथर त्याच भागात येत असणार.

पूर्वभागवाला
ताई काय बोलू. हे आईला वाचून दाखवलं. गप्प बसली. मेलेल्या पेशी परत येत नाहीत का काही औषधानं?

कर्णिका
माणसात नाही. पक्ष्यांत परत उगवतात, आपल्यात नाही.

शेंगाचटणी
म्हणजे मिरवणुकीत डीजेपुढं नाचायचं असंल तर पुढच्या जन्मी कोंबडा व्हायचं.

मंडळ_भक्त
आला का डीजे! वाटच बघत होतो. वर्षातून एक दिवस पोरं नाचली की सगळ्यांचे कान दुखतात, बारा महिने माग वाजतात तेव्हा कोणाला काही नाही. मी दहा वर्षं बेसपुढं नाचतोय, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते, संध्याकाळपर्यंत जाते.

कर्णिका
दादा, ती शिट्टी म्हणजेच झालंय काहीतरी. केसपेशी मार खाल्ल्याची पावती आहे ती. संध्याकाळी गेली म्हणून सगळं जसंच्या तसं होतं असं नाही. हिशोब असा धरतात की ८५ डेसिबल आठ तास चालेल, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० डेसिबलला पाव तास. बेसच्या स्पीकरच्या भिंतीसमोर त्याहून जास्तच असतं.

मागाबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. तिथं कोणी बोलत नाही.

अनुराधा_सातरस्ता
आमच्याकडं मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडून जाते. गाण्याचा एक शब्द कळत नाही पण कपाटातल्या काचा कडकड वाजतात, सासूबाईंच्या छातीत धडधडतं. शब्द का येत नाहीत आणि धपधप का येते?

निवृत्त_मास्तर
५० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळपास सात मीटर लांब. ती कोपऱ्यावरून आरामात वळते, भिंती तिला फारशा अडवत नाहीत, हवासुद्धा कमी खाते. उंच आवाजाच्या लहरी काही सेंटिमीटरच्या, त्या भिंतीला आपटून परत जातात, उरलेल्या हवा गिळते. गाण्याचे शब्द त्यातच असतात, ते वाटेतच संपतात. काचेचं म्हणाल तर प्रत्येक वस्तूची हलायची स्वतःची एक पट्टी असते, बेस तिच्याशी जुळला की काच थरथरते. एखाद्या गाण्याला एकच खिडकी वाजते, दुसऱ्या गाण्याला दुसरी, कधी लक्ष दिलंय का?

मंडळ_भक्त
बरं मग एकाऐवजी दोन डीजे लावले तर डबल त्रास का? समोरच्या मंडळानं दोन लावले होते, आम्ही एकच लावला तरी आम्हालाच बोलणी.

निवृत्त_मास्तर
तसाच दुसरा लावला तर मीटरवर फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा वाढावे लागतात, म्हणजे दहापट ऊर्जा. म्हणून मंडळं भिंतीवर भिंत चढवत जातात आणि तरी समाधान होत नाही. डेसिबल ही पट्टीच तशी आहे.
ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. दवाखाने, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथं दिवसा ५०, रात्री ४०.

शेंगाचटणी
४५ तर आमचा फॅनच आहे.

व्यवस्थापक
डीजेवर वेगळा धागा आहे, पाचशे प्रतिसाद झालेत, तिकडं भांडा. इथं ध्वनीवर राहू या.

हलगीसम्राट
ध्वनीवरच राहतो. हलगी. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बघा, वाजवणारा मधेच थांबून कागद-पाचोळा पेटवतो आणि हलगी त्यावर धरून फिरवतो. नवीन पोरांना वाटतं थंडी वाजतेय. कातडं हवेतला दमटपणा पिऊन ढिलं पडतं, मग "टण्ण" ऐवजी "भद्द" येतं. धगीनं ओल जाते, कातडं ताणतं, आवाज चढतो. किती धरायचं ते बोटानं टिचकी मारून कानानं ठरवायचं, जास्त धरलं तर फाटलीच. आमचे काका डोळे झाकून सांगायचे, "अजून एक फेरी."

पंढरीचा_टाळ
क्या बात. आमच्याकडं पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ते पण तेच का? भजनाच्या आधी ओली कणीक थापायची, कमी वाटली तर अजून चिमूटभर, जास्त झाली तर काढायची. आमचे बुवा म्हणायचे कणकेशिवाय पखवाज म्हणजे डबा. संपल्यावर खरवडून काढायची.

निवृत्त_मास्तर
हलगीत ताण वाढवून स्वर चढवतात, तुम्ही वजन वाढवून उतरवता. दोन्हीचं मूळ एकच. पण उजव्या बाजूच्या शाईत, म्हणजे मधल्या काळ्या गोलात, त्याहून मोठी गोष्ट आहे. साध्या गोल कातड्यावर मूळ स्वराच्या वर जे स्वर उमटतात ते १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे असतात, एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साधा ढोल "धम्म" म्हणतो, त्यातून सा नेमका निघत नाही. मध्यभागी शाईचं वजन बसवलं की हे वरचे स्वर सरकून दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींच्या जवळ येतात. म्हणून तबला-पखवाज स्वरात लागतो. हे शास्त्रीय पद्धतीनं सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मांडलं, प्रकाशावरच्या नोबेलच्या दहा वर्षं आधी. करणाऱ्यांनी मात्र शेकडो वर्षं नुसत्या कानावर ते साधलं होतं, आणि माझ्या मते या देशात ध्वनीवर झालेलं सगळ्यात बारीक काम तेच आहे. कोणी प्रबंध लिहिला नाही एवढंच.

हलगीसम्राट
मास्तर, शेवटचं वाक्य काकांना वाचून दाखवतो.

होटगी_लाइन
गाडीचा हॉर्न जवळ येताना चढत जातो आणि लांब जाताना उतरत जातो ते पण घ्या की. डॉप्लर.

निवृत्त_मास्तर
घेतो, पण जरा खोडा घालतो. चढत जात नाही. गाडी एकाच वेगानं सरळ येत असेल तर स्वर आधीपासूनच चढा असतो आणि तसाच राहतो. चढतो तो आवाजाचा जोर, आपल्याला वाटतं स्वर चढला. गाडी समोरून जाताना तो एकदम उतरतो. ताशी १०० च्या गाडीला येतानाचा आणि जातानाचा फरक जवळपास कोमल ग आणि सा एवढा पडतो.

होटगी_लाइन
मान्य नाही. वीस वर्षं रुळाच्या कडेला काढलीत, कान आहेत मला.

निवृत्त_मास्तर
रेकॉर्ड करून मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर टाका, मग बोलू.

होटगी_लाइन
टाकलं. काटा आधी हलत नाही, समोरून जातानाच पडतो. पण कानाला चढल्यासारखंच वाटतं, त्यावर मी ठाम आहे.

कर्णिका
दोघंही बरोबर, ॲप वेगळं आणि कान वेगळा.

मिल_कॉलनी
किल्लारीच्या रात्री पण आधी आवाज आला होता. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले. पहाटे चारच्या आधी जमिनीतून गडगड, जणू ट्रकची रांग, मग भांडी पडायला लागली. कुत्री त्याआधीच भुंकत होती. तो आवाज कशाचा?

निवृत्त_मास्तर
भूकंपाची पहिली लाट दाबाची असते, ध्वनीसारखीच, खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर जाते. ती पृष्ठभागाला आली की जमीन किंचित थरथरते आणि तिच्यावरची हवा हलते, ती गडगड. घरं हलवणारी लाट मागून येते, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर, म्हणजे दोन्हींत साधारण दहा सेकंदांचं अंतर. कुत्र्यांना ती पहिली बारीक थरथर आधी कळली असणार.

बारावी_पास
विजापूर जवळच आहे, गोल घुमटाचं पण सांगा ना. सात वेळा घुमतो म्हणतात.

शेंगाचटणी
गाइडला शंभर दिले की अकरा वेळा.

निवृत्त_मास्तर
आतून घुमटाचा व्यास ३८ मीटरच्या जवळपास. टाळी समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला पाव सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ. दोन आवाज वेगळे कळायला एक दशांश सेकंद पुरतो, म्हणून ठक-ठक-ठक अशी माळ ऐकू येते. गुळगुळीत गिलावा फार कमी आवाज खातो, म्हणून माळ लांबते. कुजबुज पलीकडं जाते ते वेगळं, ती भिंतीला चिकटून गोल सरकत जाते. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या अशाच गॅलरीवर रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं लिहिलंय, आणि १९२१ मध्ये रामन तिथं जाऊन मोजमाप करून आले. तुम्ही सकाळी दार उघडताच जा. शाळेच्या सहली आल्या की काही मोजता येत नाही, सगळीकडून "ओ मोरे!" एवढंच घुमतं.

जुळेसोलापूरकर
मूळ प्रश्नाकडे येतो. पोरानं वही केली, रोज पहाटे आभाळ, वारा, हॉर्न आला की नाही. ज्या दिवशी ढगाळ होतं त्या दिवशी हॉर्न नाही किंवा अगदी बारीक. धुकं होतं तेव्हा सगळ्यात स्पष्ट. मला वाटायचं धुक्यात आवाज दबेल.

निवृत्त_मास्तर
शाब्बास. ढग रात्री जमिनीची उष्णता अडवतात, जमीन गार पडत नाही, उलटा थर तयार होत नाही. आणि धुकं पडतं तेच मुळी वारा नसलेल्या, जमीन गार पडलेल्या पहाटे. धुक्याचे थेंब आवाजाला फारसे आडवे येत नाहीत. आता ऊन वर आल्यावर कितीला बंद होतो तेवढं लिहायला सांगा.

रानवारा
हिप्परग्याला तळ्याकाठी संध्याकाळी पलीकडच्या काठावरचं बोलणं ऐकू येतं ते पण हेच असणार. पाण्यावरची हवा गार. आम्ही मासे पकडणाऱ्यांचे हिशोब ऐकलेत, कोणाला किती द्यायचे ते पण.

पूर्वभागवाला
कर्णिकाताई, वडिलांना घेऊन गेलो होतो. ऑडिओग्रामवर दोन्ही कानांना तो खड्डा तुम्ही सांगितला तिथंच आहे. ऐकायचं मशीन घालून बघितलं. घरी आले आणि पहिल्याच दिवशी काढून ठेवलं, म्हणतात ताटं आदळल्यासारखी वाजतात, पिशवीचा कागद कानात घुसतो. पैसे वाया गेले का?

कर्णिका
नाही गेले. इतकी वर्षं हे बारीक आवाज मेंदूपर्यंत गेलेच नव्हते, एकदम सगळे आले. पहिले काही दिवस घरात, टीव्ही बंद असताना, एका माणसाशी बोलताना तासभर घालू द्या, मग वेळ वाढवा. स्वयंपाकघर शेवटी. आणि ज्यांनी दिलं त्यांच्याकडं परत न्या, ताटांचा आवाज टोचतो असं नेमकं सांगा, वरची पट्टी थोडी उतरवून देतील. शेडमध्ये मात्र मशीन घालून पाठवू नका, तिथं फोमचे बोळे. कापसाचे नाही, कापसानं फार काही अडत नाही. तुम्ही पण घाला, तुमचं वय काय?

पूर्वभागवाला
छत्तीस. बोळे आणलेत. कामगार हसालेत.

शेंगाचटणी
हसू दे की, तुम्हाला कुठं ऐकू येणारय.